वरच्या खोलीतली तेवीस नंबर

१

मोजणीत माझी चूक होत नाही. एकोणीस वर्षं झाली मला या बोर्डिंगात. अडतीस मुली म्हणजे अडतीस, एक इकडची तिकडे नाही. सकाळी पावणेसातला मुली व्हरांड्यात रांग लावतात. मी आत टेबलाशी दूधवाल्याच्या नि धोब्याच्या चिठ्ठ्या वाचत बसते आणि बाहेर त्या नंबर म्हणतात. एक, दोन, तीन. मी मान वर करत नाही. कशाला करायची? आवाजावरून मला कळतं, कोणाला सर्दी झालीय, कोण अजून झोपेत आहे, कोणाचं कोणाशी वाजलंय. नव्या शिक्षिका विचारतात, बाई, न बघता कसं हो मोजता? मी म्हणते, कान काय नुसते डूल घालायला दिलेत?

तेवीस नंबर यंदाची नवी. अकरा वर्षांची, हडकुळी, आणि रडकी म्हणजे किती रडकी! दात घासताना रडायची, बूट घालताना रडायची, गणिताच्या तासाला तिची वही भिजायची. मुलींनी तिसऱ्याच दिवशी तिचं नाव 'नळ' ठेवलं. मी त्यांना रागावले आणि माझ्या खोलीत जाऊन हसले, हेही सांगून टाकते.

तीन आठवडे मी वाट पाहिली. सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये तिने पुन्हा सूर लावला, तिचं बघून आणखी चौघींनी ताटं सरकवली आणि माझं डोकं फिरलं. दंडाला धरून तिला वर नेलं. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, आजारी मुलींच्या खोलीत. तिथे तेव्हा कोणीच नव्हतं. ही माझी जुनी पद्धत. रडणाऱ्या मुलीला तिथे बसवायचं आणि सांगायचं, "रडणारी इथे ठेव आणि शहाणी मुलगी खाली घेऊन ये. तोवर यायचं नाही." कडी मी कधीच लावत नाही. अर्ध्या तासाच्या वर वेळ आजवर कोणाला लागलेला नाही.

तेवीस नंबरला वीस मिनिटं लागली. खाली आली ती तोंड धुऊन, वेण्या घट्ट घालून. "बाई, मी जेवते," म्हणाली आणि दोनदा मागून जेवली. स्वयंपाकाच्या मावशींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात पाठ टेकली.

२

सिस्टर आठवड्यातून दोन-तीनदा येतात. आल्या की आधी वरच्या खोलीत जायचं, कोणी आजारी असेल तर तपासायचं, मग माझ्याकडे चहा प्यायचा. बुधवारी सकाळी त्या वरून उतरल्या त्या रागानेच.

"बाई, वरच्या पोरीला शंभरच्या वर ताप आहे. पोटात अन्नाचा कण नाही. काय चाललंय काय?"

"वर कोणी नाही," मी म्हणाले.

"मग मी कोणाला तपासून आले? भिंतीला?"

सिस्टरांना सगळ्या मुली चेहऱ्याने माहीत नसतात, आजारी पडतात तेवढ्याच. मी म्हटलं, शाळा चुकवायला कोणीतरी वर जाऊन लपलेली असणार. तणतणत तीन जिने चढले. माझे गुडघे प्रत्येक पायरीला बोलतात, त्या दिवशी मी त्यांचंही ऐकलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. कोपऱ्यातल्या खाटेवर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून तेवीस नंबर बसली होती. अंगावर सोमवारचाच फ्रॉक, वेण्या सुटलेल्या, डोळे सुजून बारीक झालेले. उशाशी पाण्याचा जग होता, त्यात तळाला बोटभर पाणी.

"काय गं, वर्ग सोडून इथे काय करतेस?"

"बाई, मी अजून झाले नाही," ती म्हणाली. आवाज पार बसलेला. "शहाणी. प्रयत्न करतेय."

"कधीपासून आहेस इथे?"

"तुम्ही आणलंत तेव्हापासून."

म्हटलं, ताप डोक्यात गेलाय हिच्या. सोमवारी ही माझ्यासमोर जेवली. काल सकाळी, आज सकाळी हिचा नंबर मी माझ्या कानांनी ऐकला. मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसावा इतकं गरम होतं. तेवढ्यात खाली मैदानावर शिट्टी वाजली. कवायतीचा तास सुरू झाला आणि मुली नंबर म्हणायला लागल्या. वीस. एकवीस. बावीस.

"तेवीस," खालून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

माझा हात तिच्या कपाळावरच होता. तिनेही ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

३

आता मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इतकी वर्षं मुलींत राहिल्यावर माणसाला एक कळतं, की बोर्डिंगात घडणाऱ्या प्रत्येक चमत्कारामागे सातवीतली एखादी पोरगी असते. म्हटलं, कोणीतरी हिच्या नावावर नंबर म्हणतंय. धावत मैदानावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बोट दाखवून, डोळ्यांनी मोजलं.

अडतीस.

पुन्हा मोजलं. अडतीसच. तेविसावी आपल्या जागेवर उभी होती. वेण्या घट्ट, फ्रॉकला एक सुरकुती नाही. कवायत करून बाकीच्या धापा टाकत होत्या, गाल लाल झाले होते, चोवीस नंबर तर कमरेत वाकली होती. ही मात्र नुकतीच कपाटातून काढल्यासारखी.

"कुठे होतीस गं सोमवारपासून?"

"इथेच, बाई." आणि छान हसली.

ऑफिसात जाऊन मी तिचा प्रवेशाचा कागद काढला. एकुलती एक. बहीण नाही, भाऊ नाही. मग मावशींना ताट घेऊन वर पाठवलं. काही सांगितलं नाही, म्हटलं, बघू त्यांना काय दिसतं. अर्ध्या तासाने त्या खाली आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"चार घास भरवले. रडत रडत का होईना, खाल्ले पोरीने," त्या म्हणाल्या. "आणि खाली आले तर तीच पोरगी हॉलमध्ये तिसऱ्यांदा वाढून घेतेय."

"मावशी, तुम्हाला कोणती खरी वाटते?"

"मला विचारू नका बाई, मी आपली वाढणारी." जायला वळल्या, मग थांबल्या. "एवढंच सांगते. खालच्या पोरीचं ताट घासायला येतं ना, ते आधीच घासल्यासारखं असतं. शितसुद्धा नसतं त्यात. मी दोन दिवस नुसतंच बाजूला ठेवतेय."

दुपारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. मुलींनी दर आठवड्याला एक कागद भरायचा असतो: झोप कशी लागते, जेवण जातं का, मन रमतं का. आमच्या मॅडमना त्या कागदांचं भारी कौतुक. तेवीस नंबरचे मागचे तीन कागद त्यांनी टेबलावर पसरले. 'घरी जायचंय', 'घरी जायचंय', 'घरी जायचंय'. मग त्यावर या आठवड्याचा ठेवला. प्रत्येक ओळीत एकच शब्द, 'छान'.

"बाई, तुमच्या हाताला यश आहे," मॅडम म्हणाल्या.

मी काय सांगायला गेले होते ते घशातच राहिलं. खरं सांगू? मला ते ऐकायला बरं वाटलं.

४

गुरुवारी ताप उतरला. म्हटलं, बास झालं. हिला खाली न्यायचं, दोघींना समोरासमोर उभं करायचं, काय तो सोक्षमोक्ष लागेल. मधल्या सुट्टीत तिला धुतलेले कपडे घातले आणि हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीत नेलं. सहा खाटांची खोली. पाच मुली पाय पसरून गप्पा मारत होत्या. सहाव्या खाटेवर ती होती, पुस्तक वाचत.

"बाई, ही कोण?" शेजारच्या खाटेवरची म्हणाली. "नवीन आहे का?"

हिचं नाव 'नळ' ठेवणारी हीच कार्टी. "चावटपणा बंद कर," मी म्हणाले. "ओळखत नाहीस तू हिला?"

ती गोंधळली. खरोखर गोंधळली. खोटं बोलणारी पोरगी मला जिन्याखालून ओळखू येते. "नाही बाई," ती म्हणाली आणि बाकीच्या चौघींनीही माना हलवल्या.

सहाव्या खाटेवरची उठली. पुस्तकात खूण ठेवली आणि हात पुढे केला. "ये ना," ती म्हणाली. "माझ्याजवळ जागा आहे."

माझी पोर माझ्यामागे लपली. मी तिला घेऊन वर आले. पळून आले म्हणा हवं तर.

जिन्यात ती म्हणाली, "बाई, रविवारी आई येणार आहे ना?"

"हो, पालक भेटीचाच रविवार आहे."

"आई खाली बसेल. तिलाच भेटेल आणि घरी जाईल. मग मी कोणाची?"

"वेडी की काय तू! आई पोरीला ओळखणार नाही?"

"तुम्ही कुठे ओळखलंत?"

एकोणीस वर्षांची माझी मिजास त्या पायरीवर उतरली. पण एक गोष्ट मी तिथेच ठरवली. जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, रविवारी हिची आई हिलाच भेटेल.

ठरवणं सोपं होतं. शुक्रवार हा मुलींनी घरी फोन करायचा वार. खालची तेवीस नंबर रांगेत उभी राहिली, पाच मिनिटं हसून बोलली आणि फोन माझ्या हातात देऊन गेली. पलीकडे तिची आई होती. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. आज पहिल्यांदा माझी पोर हसली हो." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शनिवारी सिस्टर वरून उतरल्या त्या खुशीत. "बरी झाली की पोरगी! अगदी शांत बसलीय." मी वर गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. कपाळ गार. आवाज इतका हळू, की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"बाई, आता रडू येत नाही. संपलं बहुतेक. म्हणजे झाले का मी शहाणी?"

मी तिला छातीशी धरलं. असं मी कोणाही मुलीला कधी धरलेलं नाही. ती रडलीच नाही, नुसती लाकडासारखी ताठ राहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५

रविवारी भेटीची वेळ दहाची. मी नवालाच फाटकावर उभी राहणार होते. आई आली की तिला कोणाशी बोलू न देता थेट वर न्यायचं, असा माझा बेत. पावणेनवाला शिपाई म्हणाला, "तेवीस नंबरची आई आली मघाशीच. पहिल्या बसने. पोरगी स्वतः फाटकाशी येऊन घेऊन गेली तिला."

मी वर धावले. माझ्या पोरीला उठवलं, हात धरला आणि जिने उतरले. ती येत होती, पण आपली आपण चालत होती असं म्हणवत नाही. भेटीच्या हॉलच्या दारात पोचलो तेव्हा आत लवकर आलेली सात-आठ कुटुंबं बसली होती. कोणाचे वडील डबा उघडत होते, कोणाची आजी डोळे पुसत होती. खिडकीशी तिची आई. प्रवासाने चेहरा उतरलेला, चपला काढून ठेवलेल्या, पायाशी पिशवी. समोरच्या मुलीचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. त्या मुलीची आमच्याकडे पाठ होती.

"किती गुणाची झालीस गं," आई म्हणत होती. "मी उगाच घोर लावून घेतला जिवाला."

माझी पोर दारात उभी राहिली. आईने मान वर केली, थेट हिच्याकडे पाहिलं. परक्या मुलीकडे बघून हसतो तसं हसली, आणि आम्हाला आत येता यावं म्हणून पिशवी जरा बाजूला सरकवली.

माझ्या हातातली पोरीची बोटं गार पडत चालली होती. ती 'आई' म्हणाली, ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही.

मी दारातच गुडघ्यांवर बसले. दोन्ही गुडघे कडकन वाजले, वाजेनात का!

"ऐक," मी म्हणाले. "मी चुकले. ऐकतेस ना? बाई चुकल्या. तुला शहाणी व्हायचं काही कारण नाही. घर आठवतं ना तुला? आठव. इथलं काही आवडत नाही ना? नको आवडू दे. रड तू. मोठ्याने रड, सगळ्यांसमोर रड, कोण काय म्हणतं ते मी बघते!"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत.

"बाई," खिडकीशी बसलेलीचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "इथे रडायचं नसतं ना?"

"तू गप्प बस!" मी अशी ओरडले की सगळा हॉल माझ्याकडे वळला. "रडायचं असतं! माझ्या बोर्डिंगात रडायचं असतं! ऐकलंस का गं, बाळा? मी सांगतेय. मी!"

तिचा खालचा ओठ हलला. एक हुंदका आला, लहानसा, उचकीसारखा. मग दुसरा. मग तिने तोंड उघडलं आणि काय सांगू, सहा दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. भोकाडच पसरलं पोरीने!

तिची आई वाक्याच्या मध्येच थांबली. तिच्या हातांतून तो दुसरीचा हात आपोआप सुटला. ती उठली, पिशवी लवंडली, आतली फळं घरंगळत खुर्च्यांखाली गेली. "अगं बाई! अगं, ही माझी... अगं बाळा!" चपला तशाच टाकून ती अनवाणी धावत आली आणि दारातच तिने पोरीला पोटाशी धरलं.

मी खिडकीकडे पाहिलं. ती आता वळली होती. रागावलेली नव्हती, दुःखीही नव्हती. हसत होती, आणि ते हसू मी ओळखलं. ते तिचं नव्हतं, या पोरीचंही नव्हतं. पालक समोर आले की मी जे हसते, ओठ मिटून, मान जराशी कलती करून, ते माझं हसू त्या अकरा वर्षांच्या तोंडावर बसवलेलं होतं.

"बाई, मग मी कुठे जाऊ?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. पण माझ्या पोरींत यायचं नाही."

तिने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. कोणाचे तरी वडील घरंगळलेली फळं गोळा करायला मध्ये वाकले. ते सरळ झाले तेव्हा खिडकीशी नुसती खुर्ची होती. ती कुठून गेली ते मला दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही नव्हतं.

६

जिन्यावरून दाणदाण पाय वाजवत तिच्या खोलीतल्या पाचही जणी आल्या. "अगं, होतीस कुठे तू इतके दिवस?" शेजारच्या खाटेवरची तिच्यावर खेकसली, आणि खेकसता खेकसता स्वतःच रडायला लागली. तिचं बघून दुसरी. तिसरी वडिलांच्या गळ्यात पडली. नववीतली एक घोडी, जिला मी चार वर्षांत कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, आजीच्या मांडीत डोकं खुपसून "मला घरी ने" म्हणत होती. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, रडू द्या आजी, बरीच वर्षं राहिलंय तिचं.

तेवीस नंबर आईच्या कुशीत बसून सगळं सांगत होती. जेवण कसं आवडत नाही, खाट कशी करकरते, गणिताच्या बाई किती वाईट, आणि बोर्डिंगच्या बाई, म्हणजे मी, त्याहून वाईट. आई तिचे केस सारखे करत होती आणि स्वतःही रडत होती. "ने गं मला घरी," पोर म्हणाली. "चार दिवस तरी ने." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चार कशाला, आठ दिवस न्या. मग येईल तर येईल. नाही आली तरी कोणाचा बाप मला विचारत नाही."

आवाज ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या. दारात त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बाई, हे काय? अहो, पालक बसलेत सगळे! लोक काय म्हणतील? थांबवा हे आधी!"

"नाही थांबवणार," मी म्हणाले. "मॅडम, जरा कान देऊन ऐका. तो मधला आवाज ऐकू येतो का, सगळ्यांच्या वर चढलेला? ती माझी पोरगी. आहे का दुसरी कोणी, असं रडणारी?"

मॅडमनी कानांवर हात ठेवले. मी एक खुर्ची ओढली, हॉलच्या मधोमध मांडली आणि तिच्यात बसून पोटभर ऐकलं.